गाडी कुरकुरत नाही, म्हणजे ती ठीक आहे का?
गटाच्या गाडीचे स्पार्क प्लग आणि टॅपेट – आपल्याला माहीत असायला हवं ते



एका ग्रामसंघाच्या बैठकीत जमाखर्चाचं वाचन चाललं होतं. वाचता वाचता एक ओळ आली, "गाडी दुरुस्ती, इंजिन काम." पुढची रक्कम ऐकून सगळ्या गप्प झाल्या. मग मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं, "पण गाडीला झालं काय होतं?" कुणालाच नीट सांगता येईना. कोषाध्यक्ष ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मलाही सांगता आलं नाही.

ती गाडी एका गटाची. जुनी मारुती ओम्नी, गॅस किट बसवलेली. हळद, मसाले आणि नाचणीचे पापड आठवडी बाजाराला न्यायला गटाने कर्ज काढून घेतली होती, आणि चालवणाऱ्या ताईही गटातल्याच. पावसाळा संपता संपता गाडी चढाला दम टाकायला लागली. गॅरेजमध्ये नेली, प्लग बदलले, थोडं बरं वाटलं. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा प्लग. त्याच काळात मी गटभेटीला गेले होते. ताईंनी गाडी सुरू करून दाखवली, मी कान देऊन ऐकलं आणि भेटीच्या नोंदवहीत लिहिलं, "गाडी सुस्थितीत. इंजिनाचा आवाज नाही."

ते वाक्य आज वाचलं की लाज वाटते. कारण दुखणं त्या "आवाज नाही" मध्येच होतं. पुढे इंजिनचं हेड उतरवावं लागलं, आणि एक व्हॉल्व्ह जळलेला निघाला. गाडी तीन आठवडे उभी राहिली. बाजार बुडाले, भाड्याच्या टेम्पोत माल न्यावा लागला, आणि कर्जाचा हप्ता काही थांबला नाही.

समाजकार्याच्या पदवीत मला गट कसा बांधायचा ते शिकवलं, इंजिन कुणी शिकवलं नाही. म्हणून मी तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या मिस्त्री काकांकडे जाऊन बसले. त्यांनी दुसऱ्या एका ओम्नीचं काम माझ्यासमोर केलं आणि प्रत्येक गोष्ट हातात देऊन दाखवली. तिथे समजलेलं इथे लिहिते आहे. सगळ्यांनी मिस्त्री व्हावं असं माझं म्हणणं नाही. पण गटाचा पैसा कशावर जातो आहे, हे आपल्याला कळलंच पाहिजे.

आधी इंजिन समजून घेऊ

ओम्नी आपल्या ओळखीची गाडी. १९८४ साली ती आली, २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण गावोगावी अजून धावते. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, सीट उचलली की दिसतं. ते ७९६ सीसीचं आहे. त्यात तीन सिलेंडर, प्रत्येकाला एक स्पार्क प्लग आणि दोन व्हॉल्व्ह. म्हणजे तीन प्लग आणि सहा व्हॉल्व्ह, एवढाच हिशोब डोक्यात ठेवा.

सिलेंडरमध्ये चार कामं ओळीने होतात. पहिला व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा-इंधन आत येतं. दोन्ही व्हॉल्व्ह बंद होतात आणि पिस्टन ते मिश्रण दाबतो. प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटतं आणि पिस्टन खाली ढकलला जातो. शेवटी दुसरा व्हॉल्व्ह उघडतो आणि धूर बाहेर जातो. आत घेणारा तो इनलेट, बाहेर सोडणारा तो एक्झॉस्ट.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि बंद होतो. प्लगही तेवढ्याच वेळा ठिणगी टाकतो.

आता कुकर आठवा. आच नीट लागली पाहिजे आणि झाकण घट्ट बसलं पाहिजे. रिंग झिजली तर वाफ कडेने जाते, शिट्टी होत नाही आणि आपण मात्र गॅस मोठा करत बसतो. इंजिनचंही तसंच. प्लग म्हणजे आच, व्हॉल्व्ह म्हणजे झाकण. झाकणातून वाफ जात असताना आपण दोनदा आच बदलली. आमच्या गाडीचं नेमकं हेच झालं.

स्पार्क प्लग: खराब झाला हे कसं ओळखायचं?

प्लगच्या टोकाला दोन धातूंमध्ये बारीक फट असते. तिथे हजारो व्होल्टची ठिणगी उडते. रोज ठिणगी उडून टोक झिजतं आणि फट वाढते. फट वाढली की ठिणगी अशक्त होते. मग सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, उभ्या गाडीत इंजिन थरथरतं, चालताना झटके देतं. मिस्त्री याला "मिसिंग करते" म्हणतात. आणि ॲव्हरेज कमी होतं, ते आधी आपल्या वहीत दिसतं.

साधे प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटर चालतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच धरायचा. प्लगचा नंबरही पुस्तिकेतलाच हवा. दिसायला सारखे असले तरी प्लग वेगवेगळे असतात. कमी-जास्त लांबीचा किंवा चुकीच्या उष्णतेचा प्लग बसवला तर इंजिनलाच इजा होते.

काढलेला प्लग लगेच फेकू देऊ नका, तो मागून घ्या. त्याचं टोक आपल्याला बरंच काही सांगतं.

– फिकट तपकिरी किंवा राखाडी: आतलं जळण ठीक आहे. गॅसवर चालणाऱ्या गाडीत टोक आणखी पांढुरकं दिसतं, त्याने घाबरू नका.
– कोरडी काळी काजळी: इंधन जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर तो लवकर तुंबतो.
– तेलकट, ओला काळा: इंजिन ऑइल आत येतं आहे. प्लग बदलून हे थांबणार नाही.
– पांढराफटक, फोड आलेला किंवा वितळलेला: आत प्रमाणाबाहेर गरम होतं आहे. गाडी तशीच पळवू नका.

तिन्ही प्लग सारखे दिसायला हवेत. एक वेगळा दिसला तर दुखणं त्याच सिलेंडरमध्ये शोधायचं.

प्लग बदलताना

काम अवघड नाही. आपल्या चालक ताई एकदा बघून शिकू शकतात. पण हे पाळा.

१. इंजिन पूर्ण थंड हवं. हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग फिरवला तर हेडचे आटे खराब होऊ शकतात, आणि ते काम महागात जातं. हात भाजतो तो वेगळाच.

२. किल्ली काढा, हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. गॅस किट असेल तर गॅसचा कॉक बंद करा. पदर किंवा ओढणी खोचून घ्या, आणि बांगड्या, अंगठी, लोंबतं मंगळसूत्र काढून ठेवा. बॅटरीला धातू लागला तर भाजायला क्षणही लागत नाही.

३. प्लगच्या वायरींवर १, २, ३ अशा चिकटपट्ट्या लावा. वायरींची अदलाबदल झाली तर गाडी नीट चालणारच नाही. वायर ओढू नका, तिची टोपी धरून काढा.

४. प्लगभोवतीची माती आधी हवेने उडवा. नाहीतर प्लग निघाला की ती थेट सिलेंडरमध्ये जाते.

५. नव्या प्लगची फट फीलर गेजने मोजा. फीलर गेज म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा, प्रत्येक पातीवर जाडी लिहिलेली असते. नवा प्लग आहे म्हणून फट बरोबरच असेल असं धरू नका.

६. प्लग आधी बोटांनीच फिरवत आत न्या. बोटाने फिरत नसेल तर तो तिरपा बसतो आहे, काढून पुन्हा लावा. पान्याने जोर करायचा नाही. पूर्ण टेकला की नवीन वॉशरचा प्लग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळायचा. जुनाच परत लावत असाल तर फक्त थोडासा, एका फेऱ्याचा बारावा भाग.

इंजिन चालू असताना प्लगची वायर काढून "कुठला सिलेंडर बंद आहे" ते बघायची काहींची सवय असते. तुम्ही हे करू नका. जोरदार शॉक बसतो.

टॅपेट: ठेवलीच पाहिजे अशी फट

आता खरा विषय. गॅरेजमध्ये "टॅपेट सेटिंग" हा शब्द ऐकला असेल. व्हॉल्व्हला खाली दाबणारा एक लोखंडी हात असतो, त्याला रॉकर म्हणतात. रॉकरच्या टोकाचा स्क्रू आणि व्हॉल्व्हचं डोकं यांच्यात अगदी बारीक अंतर ठेवलेलं असतं. ते अंतर मोजून बरोबर करणं म्हणजे टॅपेट सेटिंग.

फट मुद्दाम कशाला ठेवायची? सुतार दार बसवताना चौकटीत थोडी जागा का सोडतो ते आठवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, जागा नसेल तर दार लागत नाही. व्हॉल्व्हही गरम झाला की लांबतो. फट असेल तर तो लांबूनही पूर्ण बंद होतो. फट नसेल तर रॉकर त्याला दाबूनच धरतो आणि झाकण कधीच नीट लागत नाही.

ही फट किती? आपल्या ओम्नीत इंजिन थंड असताना साधारण ०.१५ मिलिमीटर. वहीचे दीड कागद म्हणा. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो, काही गाड्यांत इनलेट आणि एक्झॉस्टचाही वेगळा असतो. थंड इंजिनचा आकडा आणि गरम इंजिनचा आकडा एक नाही, त्यांची गल्लत करू नका.

फट वाढली तर काय होतं? रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो आणि वरून शिलाई मशिनसारखा टकटक आवाज येतो. व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि ताकद थोडी घटते. त्रास होतो, पण गाडी बोलून दाखवते, म्हणून आपण तिला गॅरेजला नेतो.

फट कमी झाली तर? आवाज येत नाही, उलट इंजिन आणखी शांत वाटतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सतत जळत्या वायूत असतो. तो बंद होऊन आपल्या बैठकीला टेकतो, तेव्हाच त्याची बरीचशी उष्णता हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर उष्णता अंगातच राहते, आणि उरलेल्या फटीतून पेटता वायू निसटत राहतो. काही दिवसांत व्हॉल्व्हची कड जळते. मग स्क्रू फिरवून उपयोग नाही, हेडच उतरवावं लागतं.

ही फट आपोआप कमी कशी होते? व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती बैठक झिजली की व्हॉल्व्ह थोडा वर सरकतो आणि रॉकरच्या जवळ येतो. पेट्रोलसाठी बनलेल्या इंजिनला नंतर गॅस किट बसवलं असेल, तर ही झीज लवकर होऊ शकते. म्हणून गॅसवरच्या गाडीचं टॅपेट पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच तपासून घेतलेलं बरं. आमच्या गाडीचं टॅपेट गाडी घेतल्यापासून एकदाही मोजलेलं नव्हतं. प्लग दोनदा बदलले, कारण प्लग सगळ्यांना माहीत असतो.

टॅपेट कसं मोजतात

हे काम मिस्त्रींनीच करावं. पण शेजारी उभं राहून बघा, म्हणजे खरंच मोजलं की नुसतं कव्हर पुसलं ते कळेल.

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं, म्हणून सकाळची पहिली वेळ मागा. प्लग काढलेले असतील तर आत दाब राहत नाही आणि इंजिन पान्याने सहज फिरतं. म्हणून प्लग आणि टॅपेट ही दोन्ही कामं एकाच दिवशी करून घ्या.

वरचं टॅपेट कव्हर काढलं की रॉकर दिसतात. मिस्त्री खालच्या पुलीचा नट पान्याने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवतात. ज्या सिलेंडरचं मोजायचं, त्याचा पिस्टन दाबाच्या वेळी सगळ्यात वर आला पाहिजे. ओळखायचं असं: इनलेट व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येतो, त्यानंतर पिस्टन वर येतो. त्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. फट बरोबर असेल तर दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात. इथे एखादा रॉकर जरासुद्धा हलत नसेल, तर त्याची फट संपली आहे असं समजा.

मग स्क्रू आणि व्हॉल्व्ह यांच्यात फीलर गेजची ठरलेली पाती घालतात. दोन बोटांत हलकेच धरलेला कागद ओढल्यासारखी ती सरकली पाहिजे. अडत असेल तर फट कमी, सैल जात असेल तर जास्त. फट बदलायला लॉक नट सैल करून स्क्रू फिरवतात, स्क्रू तसाच धरून नट आवळतात आणि पुन्हा मोजतात. हे दुसऱ्यांदा मोजणं महत्त्वाचं, कारण नट आवळताना स्क्रू हमखास थोडा हलतो. मिस्त्री काका मला म्हणाले, "दुसऱ्यांदा मोजलं नाही, तर पहिल्यांदा मोजलेलं वाया."

असं तीन सिलेंडरचं, सहा व्हॉल्व्हचं. कव्हर लावताना त्याचं गॅस्केट बघायला सांगा. चिरलं असेल तर तिथून तेल गळतं.

सगळ्या गाड्यांत हा स्क्रू नसतो. काही नव्या गाड्यांत ठरावीक जाडीच्या टोप्या किंवा चकत्या बदलून फट बसवतात, काहींत ती तेलाच्या दाबावर आपोआप सांभाळली जाते. आपली गाडी कोणती ते एकदा विचारून लिहून ठेवा. आणि गाडी डिझेलची असेल तर तिला स्पार्क प्लग नसतोच. डिझेल गाडीच्या बिलात "स्पार्क प्लग" दिसला, तर थांबा आणि विचारा.

हेड उतरवण्याआधी एक प्रश्न

"इंजिन काम करावं लागेल" असं कुणी सांगितलं, तर लगेच ठराव करू नका. आधी विचारा, "कॉम्प्रेशन मोजलं का? तिन्ही सिलेंडरचे आकडे किती?"

कॉम्प्रेशन मोजायचा घड्याळासारखा गेज असतो. तो प्लगच्या जागी लावून आतला दाब बघतात. तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एक फार कमी आला, तर त्या सिलेंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चांगला वाढला तर बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर संशय व्हॉल्व्हवर जातो. मग आधी टॅपेट मोजायचं. फट कमी निघाली आणि व्हॉल्व्ह अजून जळला नसेल, तर सेटिंगवरही काम भागू शकतं.

विचारणं म्हणजे मिस्त्रींवर अविश्वास दाखवणं नव्हे. चांगल्या मिस्त्रींना असे प्रश्न आवडतात, हे मी त्या काकांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

गटाने काय करावं

आपण बचतीची वही ठेवतो, कर्जाची वही ठेवतो. तशी गाडीचीही एक वही ठेवू या. तिच्यात एवढं लिहा:

– तारीख आणि गाडीचे किलोमीटर
– इंधन किती भरलं (ॲव्हरेज घटलं की इथेच आधी कळतं)
– प्लग कधी बदलले, कोणत्या नंबरचे, जुन्यांचा रंग कसा होता
– टॅपेट कधी मोजलं, सहाही व्हॉल्व्हचे आकडे, सेटिंगच्या आधीचे आणि नंतरचे
– चालक ताईंची तक्रार, त्यांच्याच शब्दांत

शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा आहे. त्या ओम्नीच्या ताई सुरुवातीपासून सांगत होत्या, "गाडी चढाला पूर्वीसारखी ओढत नाही." आम्ही म्हणालो, माल जास्त भरला असेल. रोज गाडी चालवणाऱ्या बाईला जे जाणवतं ते आम्ही ऐकलं नाही, आणि मी पाच मिनिटं इंजिन ऐकून "सुस्थितीत" लिहून मोकळी झाले.

फीलर गेज फार महाग वस्तू नाही. प्रत्येक गटाने घ्यायची गरज नाही, प्रभागसंघात एक असला तरी सगळ्यांना पुरेल. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि ज्या गटांकडे गाडी आहे त्यांनी हा लेख चालक ताईंसोबत मोठ्याने वाचा.

ती ओम्नी आता पुन्हा बाजाराला जाते. तिच्या वहीच्या पहिल्याच पानावर व्हॉल्व्हचे सहा आकडे लिहिलेले आहेत. मागच्या भेटीत त्या आजींनी वही उघडून माझ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "आता विचार, काय झालं होतं ते. मी सांगते."

पुढच्या फेरीला येईन, तेव्हा तुमच्या गाडीची वही बघायला मागेन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक